ॲलिसचे बारा साक्षीदार

टिपणीस काकांना कुणी "बसा" म्हटलं की ते म्हणायचे, "बसतो की, बसायला काय," आणि उभेच राहायचे. चहा उभ्याने, पोहे उभ्याने, गप्पाही उभ्यानेच. आमच्या जपानातल्या, हिगाशी-कसाईच्या घरातली बैठकीची खोली म्हणजे पाय लांब केले तर समोरच्या भिंतीला लागतील एवढी. तेवढ्या जागेत ते खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालायचे. हातात कप आणि तोंडात चौदाव्या शतकातलं इंग्लंड. एखाद्याला वाटावं, आत कुणीतरी बाळंत होतंय आणि हा माणूस बाहेर बातमीची वाट बघतोय. माझा नवरा समीर म्हणायचा, काका आले की घरातच वारा सुटतो.

ते आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. तरुणपणी मुंबईच्या एका बँकेने त्यांना इथल्या शाखेत पाठवलं. मुदत संपली, ती वाढवून घेतली, पुन्हा संपली, तेव्हा नोकरी बदलली पण जपान काही सोडलं नाही. मूलबाळ नव्हतं. नलूकाकू आम्ही यायच्या आधीच गेल्या होत्या. त्यांचा फोटो काकांच्या घरात देव्हाऱ्याशेजारी नव्हे, स्वयंपाकघरात गॅसच्या वर लावलेला होता. "ती तिथेच असायची," एवढंच त्याचं स्पष्टीकरण.

आमची ओळख कचऱ्यावरून झाली. पुण्याहून नवीनच आलो होतो. कुठल्या वारी जळणारा कचरा, कुठल्या वारी न जळणारा, प्लॅस्टिक कधी, याचा मला काही उमज पडेना. एका सकाळी दार वाजलं. दारात एक उंच, किरकोळ अंगाचे गृहस्थ, हातात आमचीच कचऱ्याची पिशवी, तिच्यावर पालिकेची लाल चिठ्ठी. शुद्ध मराठीत म्हणाले, "ही तुमची. परत आली आहे."

माझीच कशावरून, असं मी जरा घुश्शातच विचारलं. त्यांनी पिशवी उजेडाकडे धरली. आत हळदीचं रिकामं पाकीट दिसत होतं. "पुरावा आत आहे," म्हणाले आणि तिथल्या तिथे, दारात उभ्याउभ्या, त्यांनी मला कचऱ्याचे सगळे वार समजावून सांगितले. आत या म्हटलं तर म्हणाले, येतो की, यायला काय. आले नाहीत. चहा दारातच झाला.

पुरावा हा त्यांचा आवडता शब्द. मुंबईत असताना बँकेत त्यांच्याकडे मयत खात्यांचं काम होतं. माणूस जातो, खात्यात पैसे राहतात आणि मग वारस काउंटरवर उभे राहतात. एकमेकांकडे न बघणारे भाऊ, दोन गावांहून आलेल्या दोन बायका, कधी कुणी ऐकलीही नव्हती अशी मुलगी. खरा वारस कोण ते टिपणीस काकांनी ठरवायचं. त्यामुळे कुणाच्याही मृत्यूची बातमी आली की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "मागे कोण?" शेजारी वारला तरी तेच, परदेशातला कुणी नट गेला तरी तेच. आमचा फ्रीज बंद पडला तेव्हा समीरने त्यांना खाली जाऊन कळवलं, "काका, फ्रीज गेला. मागे एक मायक्रोवेव्ह आहे." काका हसले नाहीत. वॉरंटी कुणाच्या नावावर आहे ते त्यांनी विचारलं.

अशा माणसाच्या वाट्याला सर ह्यू विदरकोट यावेत यात तसं नवल नाही. काका त्यांना ह्यूराव म्हणायचे.

ते आले ते असे. बँकेचे एक जुने खातेदार योकोहामाच्या टेकडीवर राहायचे. जहाजाच्या धंद्यात उभं आयुष्य काढलेले म्हातारे इंग्रज, विदरकोट साहेब. काका त्यांच्याकडे सह्या घ्यायला जायचे. साहेबांच्या दिवाणखान्यात एका थडग्याचा फोटो होता. दगडाचा सरदार उताणा झोपलेला, अंगात चिलखत, हात जोडलेले, पायाशी कुत्रा. हे माझे पूर्वज सर ह्यू, मी त्यांचा थेट वंशज, असं साहेब प्रत्येक सहीला सांगायचे. दुसरा कुणी असता तर "वा वा" म्हणून कागद गोळा करून निघाला असता. काकांनी विचारलं, "मागे कोण होतं त्यांच्या?"

साहेबांना नीटसं सांगता येईना. झालं. काकांच्या डोक्यात केस उघडली गेली. इंग्लंडातल्या जुन्या दप्तरखान्यांना पत्रं लिही, छापलेल्या जंत्र्या मागव, कागदांचे फोटो विकत घे, असं सुरू झालं. नलूकाकूंना वाटायचं महिनाभराचं खूळ आहे. ते त्यांच्या पश्चातही टिकलं.

एवढं कळलं की ह्यूराव फ्रान्सच्या लढाईत गेले. मुलगा नाही. एक मुलगी, ॲलिस, पाळण्यातली. धाकटा भाऊ रॉबर्ट याने राजाकडून तिचं पालकत्व विकत घेतलं आणि तिच्या नावाने जमीन स्वतःच्या ताब्यात ठेवली. तिथल्या कायद्याने मुलगा नसेल तर मुलगीच वारस. पण ती सज्ञान झाली तर. आणि रॉबर्ट वर्षानुवर्षं म्हणत राहिला की पोर अजून लहान आहे.

विदरकोट साहेब निघाले ते या रॉबर्टच्या शाखेचे. आता हे म्हाताऱ्या माणसाला कसं सांगायचं? काकांनी यावर एक तोडगा काढला, आणि तो आपल्याकडच्याच माणसाला सुचावा असा होता. ते म्हणाले, ह्यूरावांना मुलगा नव्हता, म्हणजे लढाईवर जाण्यापूर्वी त्यांनी भावाचा मुलगा दत्तक घेतला असणार. घरात भाऊ आहे, भावाला मुलगे आहेत, सरदारकी आहे; दत्तक घेतल्याशिवाय कोण राहील? साहेब दत्तकाचे वंशज, तेव्हा हक्काने वारस. फक्त दत्तकविधानाचा कागद सापडायचा बाकी. साहेब खूश झाले आणि काका कितीतरी दिवस तो कागद शोधत राहिले.

तो त्यांना सापडला नाही. सापडले मोरी-सेन्सेई.

मोरी-सेन्सेई योकोहामाच्या एका विद्यापीठातून निवृत्त झालेले, मध्ययुगीन इंग्लंडचा इतिहास शिकवणारे प्राध्यापक. लॅटिन असं वाचायचे जसं आपण वर्तमानपत्र. एका वाचनालयातल्या भाषणानंतर काकांनी त्यांना गाठलं आणि त्या दोघांचं जमलं. सेन्सेई बसलेले आणि काका त्यांच्या टेबलाभोवती फिरताहेत, असं महिन्यातून एकदा तरी चालायचं. सेन्सेई त्यांना "तिपुनिसु-सान" म्हणायचे आणि जपानी रीतीने फार सावकाश वाईट बातमी द्यायचे. त्यांनी काकांची दत्तकाची सगळी मांडणी ऐकून घेतली, हिरवा चहा पुन्हा ओतला आणि सांगितलं की त्या काळच्या इंग्लंडात दत्तक नावाची गोष्टच नव्हती. वारस देव घडवतो, माणसाला घडवता येत नाही, असं ते लोक मानायचे.

काकांचा विश्वास बसेना. एवढा सरदार माणूस, पोटी मुलगा नाही, आणि दत्तक घेत नाही? सेन्सेई म्हणाले, तुमच्याकडे घेतात, आमच्याकडेही घेतात. मीच दत्तक आहे. मोरी हे माझ्या बायकोच्या घराण्याचं नाव. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून लग्नात सासऱ्यांनी मला दत्तक घेतलं आणि मी नाव बदललं.

काकांनी विचारलं, आणि तुमची आई?

तिचं काय, असं सेन्सेईंनी विचारलं. ती होती तिथेच होती. जिवंत होती तोपर्यंत दर नव्या वर्षाला ते तिच्याकडे जायचे आणि तिच्या हातचं मोची, म्हणजे तांदूळ कुटून केलेलं पक्वान्न, खायचे.

हे सगळं काकांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं. योकोहामाहून परतताना नेहमीप्रमाणे एक स्टेशन आधी उतरून ते चालत आले होते, पण तेवढ्याने भागलेलं दिसत नव्हतं. घरभर फिरत होते. विदरकोट साहेबांना खरं कळवावं लागणार, साहेब चिडणार, असं काहीबाही बोलत होते. (साहेब चिडले. त्यांनी खातं दुसऱ्या बँकेत नेलं आणि पुढे वारले.) मग मध्येच खिडकीशी थांबून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मीपण दत्तकच आहे गं. मला वाटायचं, सगळीकडे हे असंच असतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी, चालता चालता. जन्म रोह्याचा. वडील धाकटे, परिस्थिती बेताची. वडिलांचे थोरले भाऊ ठाण्याला, चांगल्या नोकरीत, पण मूल नाही. चौथ्या वर्षी याला ठाण्याला दिला. विधी झाला, नाव बदललं. रोह्यात मधुकर होता, ठाण्यात अविनाश झाला. शाळेत घालताना मास्तरांनी जन्मतारीख विचारली. ठाण्याच्या आईवडिलांना ती ठाऊक नव्हती आणि रोह्याला विचारायची त्यांची तयारी नव्हती. मास्तरांनी एक जून लिहिली. "अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्मलाय," काका म्हणाले. "त्यात मी एक."

ठाण्याला त्यांना काही कमी पडलं नाही, हे ते पुन्हा पुन्हा सांगायचे. आई फार माया करायची. फक्त रोहा म्हटलं की तिचा चेहरा असा व्हायचा की मुलाने ते नाव घेणं सोडून दिलं. मोठा झाल्यावरही ते सुटलेलंच राहिलं. रोह्याचे आईवडील गेले, त्याची कार्डं आली. आता तिथे फक्त मोठी बहीण होती, आक्का. लग्न गावातच झालेलं, वय ऐंशीच्या पुढे. काकांच्या लग्नाला ती आली होती आणि मुलाकडच्यांत न बसता मागे पाहुण्यांत बसली होती.

"माझा जन्म बघितलेलं आता तेवढं एकच माणूस उरलंय," ते म्हणाले.

मी म्हटलं, मग फोन करा ना आक्कांना. नंबर आहे का?

नंबर होता. तो त्यांना पाठही होता. "करतो," म्हणाले. "आधी ॲलिसचा निकाल लागू दे."

त्या दिवसानंतर ॲलिसकडे मी निराळ्या नजरेने बघायला लागले. कामावरून येताना तोझाई लाइनच्या गाडीत उभी असताना मला मध्येच तिची आठवण व्हायची. काकाच्या घरात वाढणारी, आपलं वय किती हे दुसऱ्याने ठरवायचं अशी पोर. तिचं काही भलं झालं की नाही हे कळेपर्यंत माझाही जीव थाऱ्यावर नसायचा. समीर म्हणायचा, आता तूही खिडकी ते दार सुरू कर.

आणि काका तर विचारूच नका. आक्कांच्या मुलाचा, म्हणजे त्यांच्या भाच्याचा, निरोप आला की आक्का थंडीत आजारी पडली होती, आता बरी आहे. तेव्हापासून जिन्यात, लिफ्टपाशी, कोंबिनीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाच्या दारात, जिथे बघावं तिथे काका चालताना दिसायचे. भेटले की मी विचारायची, फोन केलात? ते म्हणायचे, ॲलिसबद्दल सेन्सेईंकडून अजून उत्तर यायचंय. ते उत्तराची वाट बघत होते की ते कधीच येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसले होते, मला कळायचं नाही. मला त्यांचा राग यायचा. रोह्यात एक म्हातारी बाई दिवस मोजतेय आणि हा माणूस सहा-सातशे वर्षांपूर्वी मेलेल्या मुलीच्या मागे फिरतोय.

शेवटी उत्तर आलं. ॲलिसच्या सज्ञानपणाची चौकशी झाली होती, तिचा कागद सापडला आणि सेन्सेईंनी तो वाचून दिला. काका धावतच वर आले असावेत, कारण दारात त्यांना दम लागला होता.

त्या काळी जन्माचे दाखले नसत. मग मूल सज्ञान झालं हे सिद्ध कसं करायचं? तर गावातली बारा माणसं बोलवायची. प्रत्येकाने शपथेवर सांगायचं की ही पोर अमुक वर्षी जन्मली. आणि नुसतं सांगून भागायचं नाही. तुला कशावरून आठवतं, तेही सांगावं लागायचं.

काकांनी आम्हाला ती बारा माणसं उभी करून दाखवली. एकेकाचं सांगायचे आणि एकेक पाऊल पुढे टाकायचे. एक म्हणतो, मला आठवतं, कारण त्याच दिवशी मी गाडीवरून पडलो आणि पाय मोडला, अजून लंगडतो. दुसरा म्हणतो, त्या दिवशी माझं छप्पर जळलं. तिसऱ्याने बारशाला दारूचं पिंप पोचवलं होतं. एकजण म्हणतो, चर्चमध्ये या पोरीचं नाव ठेवत होते तेव्हा त्याच आवारात मी माझ्या मुलाला पुरत होतो. इथे काका थांबले. "बघ," म्हणाले, "त्या माणसाने येऊन हे सांगितलं. रॉबर्टला घाबरला नाही. त्या पोरीसाठी आपलं दुःख उकरून दिलं त्याने."

ॲलिसला जमीन मिळाली. मी टाळ्या वाजवल्या. माझी मुलगी ईरा आतून ओरडून जपानीत काय झालं विचारत होती. काकांनी चहा अर्धा ठेवला आणि गेले.

आता सबब उरली नव्हती. तरी फोन झाला नाहीच. उलट त्यांना एक नवंच वेड लागलं. आमच्या शेजारच्या इमारतीत नाशिकचं एक जोडपं राहतं, त्यांना मुलगी झाली. तिच्या बारशाला आम्ही सगळे गेलो. काका तिथे पेढा हातात घेऊन प्रत्येक पाहुण्यासमोर जाऊन उभे राहायला लागले आणि विचारायला लागले, "ही जन्मली तेव्हा तुम्ही काय करत होतात?" कुणी म्हणालं ऑफिसात होतो, कुणी म्हणालं आठवत नाही. "आठवा," काका म्हणायचे. "हिला पुढे लागेल." लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला लाज वाटत होती आणि त्यांना तिथून न्यावं असंही वाटत होतं.

बाळाची आजी नाशिकहून आली होती. ठसक्याची बाई. ती म्हणाली, "मी सांगते. मी विमानात होते आणि खाली उतरेपर्यंत मला कुणी कळवलं नाही, म्हणून अजून रुसलेय. तुमचं सांगा. तुमच्या वेळेला कोण होतं हो?"

काकांनी हातातला पेढा नीट कागदात गुंडाळला, खिशात ठेवला आणि कुणाला न सांगता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी दार वाजलं. काका आत आले, फोन टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "तू बस इथे. साक्षीला." मी बसले. ते उभे होते. तिकडे पहाटच होती, पण आक्का पहाटेलाच उठतात, असं भाच्याने सांगितलं होतं म्हणे. म्हणजे तेवढी चौकशी करून झाली होती.

फोन बराच वेळ वाजला. मग एक जाड, खरखरीत आवाज आला. "कोण?"

"आक्का, मी ठाण्याचा अविनाश बोलतोय."

"कोण अविनाश?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी कधी त्यांना इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मग ते हळू म्हणाले, "मधू."

"मधू होय. मग तसं सांग ना."

मग काकांनी घसा साफ केला आणि काउंटरवर बसलेल्या माणसाच्या आवाजात विचारलं, "एक माहिती हवी होती. माझा जन्म कधीचा?"

"तारीखबिरीख मला नाही ठाऊक," आक्का म्हणाल्या. "नारळीपौर्णिमा होती. आईने नारळ खवून ठेवला होता आणि तिला कळा सुरू झाल्या. भात राहिला. मी म्हटलं, मी करते. मला कुठला येतोय. मी गूळ आधीच घातला. मग तांदूळ शिजेनात, खालून सगळा लागला. बाबांनी तोच खाल्ला आणि म्हणाले, छान झालाय. तेवढ्यात तू आत रडलास. म्हणून आठवतं. अजून गूळ करपल्याचा वास आला की मला तूच आठवतोस."

काका चालायचे थांबले होते. टेबलाची कड धरून उभे होते.

"आणि आक्का, मला दिलं तो दिवस?"

पलीकडे कुठेतरी बादलीत नळ सोडलेला होता, त्याचा आवाज तेवढा येत होता. मग तो बंद झाला.

"तो दिवस मला आठवत नाही," आक्का म्हणाल्या. "तू चहा घेतलास का?"

हो, म्हणाले काका. घेतला नव्हता. फोन ठेवल्यावर खिडकीकडे तोंड करून पुष्कळ वेळ उभे राहिले. मी चहा टाकला, माझेही डोळे पुसले. कप हातात घेताना ते म्हणाले, "एकच साक्ष झाली. बँकेत चालली नसती." आणि थोड्या वेळाने, "ह्यूरावांकडे चालली असती."

त्या वर्षीच्या नारळीपौर्णिमेला जायचं त्यांनी ठरवलं. तिकीट परतीचं काढलं होतं. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या मजल्यावरून जाताना मला कसलातरी वास आला. मी दार वाजवलं तर आतून म्हणाले, काही नाही, सगळं ठीक आहे, गॅस बंद केलाय.

सकाळी आम्ही त्यांना स्टेशनजवळून सुटणाऱ्या विमानतळाच्या बसपर्यंत सोडायला गेलो. काका बसमध्ये चढले आणि मधल्या वाटेत उभे राहून आम्हाला हात करायला लागले. ड्रायव्हरने माइकवरून विनंती केली की सर्वांनी कृपया बसून पट्टा लावावा. काका उभेच. त्याने पुन्हा, आणखी नम्रपणे विनंती केली. मग तो आपली जागा सोडून आला, टोपी काढून काकांपुढे वाकला आणि काहीतरी म्हणाला. सगळी बस वाट बघत होती. काकांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. आता इलाज नाही, असं काहीतरी त्या चेहऱ्यावर होतं. आणि ते बसले. पट्टा लावला. बस लगेच हलली.

परतीचं तिकीट वापरलं गेलं नाही. आधी त्यांनी ते पुढे ढकललं, मग घर सोडत असल्याचं कळवलं, सामानाची व्यवस्था समीरने केली. दिवाळीनंतर भाच्याचा निरोप आला की काका झोपेतच गेले. मी पहिल्यांदा काय केलं असेल तर ऑफिसच्या जिन्यात उभी राहून स्वतःशीच म्हणाले, मागे कोण? आणि तिथेच रडले.

परवा रविवारी अनोळखी नंबरावरून फोन आला. जाड, खरखरीत आवाज. मला मंजिरी अशी हाक मारली, म्हणजे काकांनी नाव सांगितलेलं असणार.

आक्का त्यांच्याबद्दलच बोलत होत्या. शांत होता हो फार, म्हणाल्या. दिवसभर माझ्याजवळ ओटीवर बसून असायचा. मी म्हणायची, अरे जरा पाय मोकळे करून ये, बाजारातून फिरून ये. तर उठायचाच नाही. बसलाय आपला.

हा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता.

"चार वर्षं माझ्याकडे होता," आक्का म्हणाल्या, "आणि आता हे शेवटचे महिने. मधला मला ठाऊक नाही. तू बघितलायस. तिकडे कसा होता ते सांग."

मी उठून चालायला लागले. स्वयंपाकघरात गेले, ओट्याखालचं कपाट उघडलं.

"आक्का," मी म्हटलं, "ते इथून निघाले तो दिवस मला पक्का आठवतो. न जळणाऱ्या कचऱ्याचा वार होता. त्यांना बसमध्ये बसवून मी घरी आले, तर खाली त्यांची पिशवी ठेवलेली. इथे कचऱ्यातून काही उचलायचं नसतं, पण मी उघडून बघितली. आत एक पातेलं होतं. नारळीभात करून बघितला होता त्यांनी. गूळ आधी घातला होता. ते मी घरात आणलं, घासून घासून त्याचा डाग काही जात नाही. म्हणून आठवतं."